तीन आत, सहा बाहेर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर एक ठिपका काढला आणि तो चुकला. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं मी गणिताच्या पुस्तकाला हात लावला नाही.

माझं माहेर रामनगर. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. गणितात माझा नंबर पहिला नाहीतर दुसरा असायचा. म्हणून दहावीनंतर वडलांनी मला तालुक्याबाहेरच्या एका कॉलेजात पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला घातलं. तिथं सगळं इंग्रजीत. मराठी आणि कन्नड या दोन भाषा मला घरच्यासारख्या होत्या, तिसरीत मात्र मी पाहुणी होते. सर बोलायचे ते निम्मं कळायचं, निम्मं मी पुस्तकात बघून लावून घ्यायची.

एके दिवशी सरांनी फळ्यावर (२, ५) असं लिहिलं आणि मला पुढं बोलावून म्हणाले, हे काढून दाखव. मला वाटलं, यात काय अवघड आहे. दहावीत आम्ही आलेख शिकलो होतो. दोन घरं आडवं जायचं, पाच घरं उभं जायचं, तिथं ठिपका द्यायचा. मी दोन रेषा काढल्या, घरं मोजली, ठिपका दिला आणि खडू खाली ठेवला. मागून हसण्याचा आवाज आला. सरांनी मान हलवली, इंग्रजीत दोन वाक्यं बोलले, माझं चित्र पुसलं आणि एकच आडवी रेघ मारून दोनवर आणि पाचवर पोकळ गोल काढले. मग पुढच्या गणिताला लागले.

ते वाईट माणूस नव्हते. वर्गात साठ पोरं होती, त्यांना पोर्शन संपवायचा होता. पण मला एक विचारायचं होतं. दहावीत (२, ५) म्हणजे ठिपका होता, इथं (२, ५) म्हणजे रेघ कशी झाली? तेच आकडे, तोच स्वल्पविराम, तेच कंस. मग कळायचं कसं? हे इंग्रजीत कसं विचारायचं ते मला येत नव्हतं, आणि मराठीत विचारायची लाज वाटली. वर्षाअखेरीला गणितात नापास झाले. पुढच्या वर्षी गेलेच नाही. दोन वर्षांनी लग्न झालं आणि कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत नांदायला आले.

आमची वाडी म्हणजे जंगलात विखुरलेली सात-आठ घरं. भाताची शेती, थोडी सुपारी, उरलेल्या दिवसांत जंगलातलं काम. नवरा अबोल माणूस, सासू त्याच्या वाटणीचंही बोलणारी. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि वाडीपासून दोन मैलांवरच्या अंगणवाडीत मला मदतनीस म्हणून काम मिळालं. स्वयंपाक करायचा, पोरांना घरून आणायचं, दूध द्यायचं, नाकं पुसायची. आमच्या टीचर भल्या बाई होत्या. एके दिवशी त्यांनीच विषय काढला.

"मी आणखी दोन वर्षांनी निघणार. माझ्या जागेला तू का येत न्हाईस?"

"पीयूसी पास लागतंय न्हवं, टीचर."

"मग हो की पास. मुक्त शाळेतून घरी बसून देता येते परीक्षा. पाच विषय घ्यायचे. तुला पाहिजे ते घे."

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "दे." एवढंच. सासू म्हणाली, "लावणीत आन कापणीत सुट्टी मागायची न्हाई." मी कबूल केलं.

फॉर्म भरायला बेळगावला गेले. केंद्रावरच्या क्लार्कनं विषयांची यादी पुढं सरकवली. दोन भाषा, गृहविज्ञान, समाजशास्त्र हे चार मी पटापट लिहिले. पाचव्यासाठी त्यानं स्वतःच सांगितलं, चित्रकला घ्या, सगळ्या बायका तेच घेतात, पास होतात. मी पेन हातात धरून बसले आणि शेवटी गणित लिहिलं.

"विचार करा बाई," तो म्हणाला. "यात बुडलात तर वर्ष जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं.

असं का केलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. टीचरनी कपाळाला हात लावला. मुलगी तेव्हा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला होती, जोयड्याला हॉस्टेलवर राहायची, रविवारी घरी यायची. ती म्हणाली, "आई, तुला दुसरं काही मिळालं नाही?"

पुस्तकं पोस्टानं आली, गणिताचं इंग्रजीत. पहिलाच भाग संचांचा, आणि त्यात आठव्या पानावर ते कंस. गोल आणि चौकोनी, आणि एका बाजूनं गोल तर दुसऱ्या बाजूनं चौकोनी असेही. खाली लिहिलेलं, पुढील अंतराले, म्हणजे दोन संख्यांमधले पट्टे, असमानतेच्या रूपात लिहा. मुलीनं रविवारी घाईघाईत शिकवलं. गोल असेल तर <, चौकोनी असेल तर ≤, झालं. मी ते पाठ केलं. पाठ केलेलं तीन दिवस टिकलं, मग कुठला कंस कुठल्या खुणेचा ते उलटसुलट व्हायला लागलं. त्यात आणखी एक घोळ. [३, ६) दिसलं की मी त्यात तीन, चार, पाच असे तीनच आकडे धरायची. मधलं काही मला दिसायचंच नाही.

पहिली उत्तरपत्रिका पोस्टानं केंद्रावर पाठवली. परत आली तेव्हा कंसांच्या दहा गणितांपैकी सात चुकलेली. खाली तांबड्या शाईत तिथल्या सरांनी लिहिलं होतं, "कंस हे नक्षीकाम नव्हे. त्यांना अर्थ आहे." ते वाचून मला राग आला, सरांचा नाही, माझा. वीस वर्षांनी मी परत त्याच फळ्यापुढं उभी होते आणि अजून कुणाला काही विचारलं नव्हतं.

त्या पंधरवड्यातली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई कडेवर मुलगी घेऊन अंगणवाडीत आली. पलीकडच्या वाडीतली, मुलखाची बोलकी. तिनं पदराच्या गाठीतून जन्माचा दाखला काढून टीचरपुढं ठेवला.

"आज तीन झाली. घ्या हिला."

टीचरनी दाखला बघितला. "आजच तीन पूर्ण झाली. घेतो की."

"उद्या या म्हणाल असं वाटलं. आजचा दिवस चालतोय?"

"चालतोय. तीन पूर्ण झाली की आत."

मी चुलीपाशी तांदूळ निवडत होते. बाईनं मुलीला खाली सोडलं आणि विचारलं, "आन कवापत्तर ठेवून घेता?"

"सहा पूर्ण होईपर्यंत."

"म्हंजे सहाव्या वाढदिवसाला बी यायचं हितं?"

"न्हाई. त्या दिवशी सहा पूर्ण झाली न्हवं. आदल्या दिवसापर्यंत आमची. त्या दिवसापासनं शाळेची."

बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्ये बरं हाय तुमचं. हिकडचा वाढदिवस धरता आन तिकडचा सोडता."

"तसंच हाय ते," टीचर म्हणाल्या. "हिकडचा धरायचा, तिकडचा सोडायचा."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तीन धरायचा, सहा सोडायचा. [३, ६). हजेरीच्या वहीत हे मी नऊ वर्षं लिहीत आले होते. तीन वर्षांची, सव्वातीनची, साडेचारची, पाच वर्षं अकरा महिन्यांची, सगळी पोरं माझ्यासमोर जमिनीवर बसलेली होती. तीन, चार, पाच अशा तीनच वयांची नव्हती ती. मधलं सगळं वय तिथं बसून नाक ओढत होतं.

मी उठले. खोलीतल्या छोट्या फळ्यावर पोरांसाठी काढलेलं आंब्याचं चित्र होतं. त्याच्या शेजारी एक आडवी रेघ मारली. तीनवर भरीव गोल, सहावर पोकळ गोल. खाली लिहिलं, ३ ≤ x < ६.

"ह्ये काय?" टीचरनी विचारलं.

"आपली अंगणवाडी," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं आणि हसायला लागल्या. ती बाईही हसली. तिला कशाचं हसू आलं कोण जाणे. नवी मुलगी मात्र रडायला लागली, म्हणून मी खडू ठेवून तिला उचललं.

त्या संध्याकाळी पुस्तक उघडलं तेव्हा कंस मला ओळखीचे वाटले. चौकोनी कंस म्हणजे ये, बस. गोल कंस म्हणजे तुझ्यापर्यंत येतो, पण तू नाहीस. तीन महिन्यांपूर्वी पाठ केलेलं सगळं मी पुसून टाकलं आणि प्रत्येक गणिताला एकच प्रश्न विचारला, ह्या टोकाचा माणूस आत आहे की बाहेर? तीस गणितं केली. मागची उत्तरं काढून बघितली. तीसच्या तीस बरोबर. मी परत मोजली. मग सासूला हाक मारून सांगितलं, "आत्ती, तीस बरोबर आली."

"किती हुती?"

"तीसच."

"मग सगळी की," सासू म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. पण ताटात त्या दिवशी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा होता.

माझा जुना प्रश्न राहिला होता, ठिपका आणि रेघ यांचा. त्याचं उत्तर दूध वाटताना मिळालं. आमच्याकडच्या कन्नडात हाल म्हणजे दूध. मराठीत हाल म्हणजे हाल. दोन्ही शब्द मी दिवसातून वीस वेळा ऐकते. "अक्का, हाल दे" असं पोरगं म्हणालं तर मी त्याला दूध देते, त्याचे हाल करत नाही. बोलणं कशाचं चाललंय त्यावरून कळतं. आलेखाचं बोलणं चाललं असेल तर (२, ५) हा ठिपका. संख्यांच्या पट्ट्याचं चाललं असेल तर तेच (२, ५) म्हणजे २ < x < ५. एवढंच होतं ते. कॉलेजातल्या त्या पोरीचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, चांगला होता. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. तशीच दुधाची किटली घेऊन थोडा वेळ दारात उभी राहिले.

हिवाळ्यात बेळगावला तीन रविवार वर्ग होते. पहाटे अंधारात निघून, दोन बस बदलून मी पोचायची. वर्गात विसेक पोरंपोरी, बहुतेक बारावीत गणितात राहिलेली. पहिल्या दिवशी दारात एका मुलीनं मला अदबीनं विचारलं, "काकी, तुमचं कोण आहे ह्या वर्गात?"

"मीच हाय," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या रविवारी सरांनी तोच भाग काढला. तांबड्या शाईवाले हेच ते सर. त्यांनी फळ्यावर [−४, १) लिहिलं आणि असमानता विचारली. एकानं सांगितलं, उणे चार, उणे तीन, उणे दोन, उणे एक, शून्य. दुसऱ्यानं खुणा उलट्या सांगितल्या. सरांनी दोनदा समजावलं. वर्ग गप्प. गप्प वर्ग म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. प्रत्येकाच्या पोटात एक प्रश्न असतो आणि तो बाहेर काढायची लाज असते. मी हात वर केला.

"सर, मी सांगू का? मराठीत सांगते."

सर बाजूला झाले. मी फळ्यापाशी गेले. मी [−४, १) पुसलं नाही. त्याच्या खाली [३, ६) लिहिलं आणि त्या बाईची गोष्ट सांगितली. दाखला, वाढदिवस, कमरेवरचे हात, सगळं. वर्ग हसायला लागला. मग विचारलं, "साडेपाच वर्षांचं पोर आत का बाहेर?"

"आत."

"आज तीन झालेलं?"

"आत."

"आज सहा झालेलं?"

"बाहेर."

"मग आता वरचं. उणे चार?"

"आत," सगळे म्हणाले.

"एक?"

"बाहेर."

"उणे अडीच? पाव?"

"आत, आत."

"मग लिवा." आणि मी लिहिलं, −४ ≤ x < १. मला काकी म्हणणाऱ्या मुलीनं विचारलं, "काकी, आणि ते आडवं आठ? अनंत? त्याला कायम गोल कंस का?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. खाली लिहिलेल्या [३, ६) कडं बघितलं. मग म्हटलं, "अनंताचा वाढदिवस कधी येतच न्हाई. जो येतच न्हाई त्याला आत बसवायचं कसं?"

ती "हां" म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. मी मागं बघितलं तर सर पहिल्या बाकावर बसले होते. मी जागेवर जायला निघाले तर म्हणाले, "थांबा. पुढची दोन गणितंही तुम्हीच घ्या." मी घेतली. (−∞, ४] वरून x ≤ ४ केलं, (७, ∞) वरून x > ७ केलं. कुणी चुकलं नाही. परतीच्या बसमध्ये बसायला जागा नव्हती, खानापूरपर्यंत दांड्याला धरून उभी होते आणि सगळ्या वाटभर मला आपली उंची वाढल्यासारखी वाटत होती.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. आदल्या दिवशी रामनगरला माहेरी मुक्काम केला, सकाळी आईनं दह्याचा चमचा हातावर ठेवला. गणिताच्या पेपरात तिसराच प्रश्न कंसांचा होता, तोही दोन तुकड्यांचा, (−∞, −२) आणि [३, ∞) यांचा संयोग, म्हणजे दोन्ही मिळून. मी लिहिलं, x < −२ किंवा x ≥ ३. "किंवा" शब्द इंग्रजीत लिहिला आणि खाली रेघ ओढली. एकच x उणे दोनच्या खाली आणि तीनच्या वर एकदम असू शकत नाही, म्हणून तिथं "आणि" चालत नाही. हे मला कळत होतं, पाठ नव्हतं. पुढं काही गणितं सुटलीही. शेवटची दोन तर मी नुसती वाचली. पण कंसांचं एकही सोडलं नाही.

निकाल जुलैत लागला. तेव्हा आमची लावणी चालली होती. वाडीत नेटवर्क नसतं, टेकडीवर गेलं तर कधी मिळतं कधी नाही, आणि लावणीत टेकडीवर जायला कुणाला सवड. मी, सासू, नवरा आणि शेजारच्या दोघी गुडघाभर चिखलात वाकलेलो. आमचं शेत रस्त्याला लागून आहे. दुपारची बस आली, नेहमीसारखी पुढं जाईल म्हणून मी मान वर केली नाही. पण ती थांबली आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला.

कंडक्टर पायरीवर उभा होता. एका हातानं दांडा धरलेला, दुसऱ्या हातात चिठ्ठी.

"जोयड्याच्या हॉस्टेलवाली पोरगी तुमची न्हवं?" त्यानं वरून विचारलं.

नवरा ताठ उभा राहिला. "व्हय. काय झालं?"

"काय न्हाई. चिठ्ठी दिलीया. वाचून दाखव म्हणाली, आई शेतात असेल." त्यानं चिठ्ठी उघडली आणि सबंध बसला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "आई पास. सगळे विषय पास. गणितात अठ्ठ्याहत्तर. सगळ्यात जास्त गणितातच."

बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण पास झालं? पोरगी?"

"न्हाई," कंडक्टर म्हणाला. "ह्या. आई."

"त्या चिखलातल्या?"

"त्याच."

म्हाताऱ्यानं मला नीट बघून घेतलं आणि हात जोडले. खिडकीतल्या दोन बायका हसून हात हलवायला लागल्या. माझ्या दोन्ही हातांत रोपाच्या जुड्या होत्या, मी जुड्यांसकट हात वर केले. कंडक्टरनं चिठ्ठी बांधावर दगडाखाली ठेवली, घंटी मारली आणि बस वळणावर दिसेनाशी झाली.

नवरा चिखलातून बाहेर निघाला. तो बांधावर गेला, चिखलाचे हात धोतराला पुसले, चिठ्ठी उचलली आणि स्वतः एकदा वाचली. मग आणखी एकदा. "अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला. तो दिवसभर मधूनच तेवढं म्हणत होता.

मी परत वाकले. ओळ अर्धी राहिली होती. सासू माझ्या शेजारीच होती. तिनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली.

"वर ये गे," ती म्हणाली.

"ओळ हाय अजून, आत्ती."

"असू दे. वर ये, पाय धू आन बस तितं सावलीला. आज बाकीचं आम्ही लावतो."

मी बांधावर चढले, पाटाच्या पाण्यात पाय धुतले आणि बसले. समोर चौघंजण वाकून रोपं लावत पुढं सरकत होते, आणि भर लावणीत मी दिवसाउजेडी सगळ्यांच्या देखत रिकाम्या हातांनी बसून होते. सासू मधूनच मान वर करून मी उठले तर नाही ना ते बघत होती.